कासारवाडीची हाडांची भट्टी

"तुमच्यात हाडं जाळतात म्हणं. कुणाची?"

आमच्या शेडच्या फाटकाशी उभं राहून हा प्रश्न विचारणारे गृहस्थ मागच्या गल्लीत राहत होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. वास कसलाच येत नव्हता. रुमाल केवळ पूर्वतयारी म्हणून होता. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि प्रत्येक शंकेचं शास्त्रीय निरसन करता येतं अशी माझी समजूत होती. मी नम्रपणे सांगितलं की आम्ही हाडं जाळत नाही, हाडासारखा पदार्थ तयार करतो. त्यावर गृहस्थ आणखीच घाबरले.

"तयार करता? म्हणजे उद्या अख्खा माणूसही तयार कराल!"

"ऑर्डर द्या, करू की," भट्टीजवळून तात्यांचा आवाज आला. "हातपाय सुटं मिळत्याल. डोकं तेवढं तुमचं तुमी आनायचं."

ती शेड आता उरलेली नाही. तिच्या जागी गाड्या धुण्याचं केंद्र आहे. आमची कंपनी चाकणला गेली आणि तिच्याबरोबर मीही गेले. तिथे बंद खोल्यांमध्ये गाळलेली हवा खेळते, भट्टीचं दार बटणाने उघडतं आणि तापमानाचा आलेख मला मोबाइलवर दिसतो. हे सगळं मला हवं होतं. त्यासाठी मी भांडलेही आहे. मग पस्तिशीही न गाठलेल्या बाईने दिवाळी अंकात आठवणी लिहाव्यात का, हा प्रश्न मला पडला. उत्तर असं सापडलं की आठवणी वयातून येत नाहीत, संपलेल्या गोष्टींतून येतात. कासारवाडीची भट्टी संपली आहे. म्हणून लिहिते.

आधी आम्ही काय करत होतो ते सांगायला हवं, कारण दारावरच्या फलकावर "सिरॅमिक" हा शब्द असल्यामुळे आमच्याकडे बाथरूमच्या फरशा मागणारे लोक नियमितपणे येत. एकदा भोसरीचे एक तरुण पैलवान आले. हाडं मजबूत करणारी पावडर इथे मिळते असं त्यांना तालमीत कोणीतरी सांगितलं होतं. ती दुधातून घ्यायची की तुपातून, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आमचे इनामदार सर त्यांना गंभीरपणे म्हणाले, "पावडर राहू द्या, दूध तेवढं वाढवा."

हाड बाहेरून दगडासारखं दिसत असलं तरी त्याच्या टोकांकडचा आतला भाग जाळीदार असतो. मोडलेलं हाड स्वतःहून जुळतं, हे आपण सगळेच जाणतो. पण गाठीमुळे किंवा अपघातामुळे हाडात मोठी पोकळी झाली, तर नव्या पेशींना पलीकडचा काठ गाठता येत नाही. मग त्यांना चढायला आधार द्यावा लागतो. इमारत बांधताना बांबूंची परांची उभारतात, तसाच हा आधार. फरक इतकाच की गवंडी काम झाल्यावर परांची उतरवतो. आमची परांची शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं आणि त्या जागी खरं हाड भरतं. आमचा माल कायम टिकला तर ते आमचं अपयश. तो नाहीसा व्हावा, म्हणून आम्ही तो बनवतो.

कृती ऐकायला सोपी आहे. गादीत असतो तसा, पण उघड्या छिद्रांचा स्पंज घ्यायचा आणि हव्या त्या आकारात कापायचा. कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक भुकटीचं पाण्यात दाट पीठ कालवायचं. स्पंज त्यात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत ठेवायचा. हळूहळू तापवत गेलं की स्पंज जळून जातो, भुकटीचे कण एकमेकांना धरतात आणि मागे उरते स्पंजची पांढरी, कडक प्रतिकृती. पिळताना हात जड पडला तर भिंती पातळ होतात, हलका पडला तर छिद्रं बुजतात. भट्टीने घाई केली तर जळत्या स्पंजचा वायू सगळं फोडून बाहेर पडतो. पिळण्याचं काम मंदाताईंचं आणि भट्टी तात्यांची. भुकटी, मोजमाप आणि तपासण्या माझ्याकडे.

तात्या म्हणजे बबनराव. जुन्या कासारवाडीतल्या शेतकरी घरातले. जमीन आधी रस्त्याला गेली, मग कारखान्यांना गेली, आणि त्यापैकीच एका कारखान्यात ते विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर भाजायला लागले. इनामदार सर तिथे अभियंता होते. सरांनी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा ते फक्त एका माणसाला बरोबर घेऊन आले. आमची भट्टी तात्यांनी स्वतः बांधली होती. एकेक वीट करवतीने कापून, घासून, दाराच्या वरची कमान तर चुन्याचा कणही न वापरता नुसती विटांच्या उतारावर पेललेली. "ही माझी थोरली लेक," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्यांचा आवाज मोठा, बढाया त्याहून मोठ्या. भट्टीपुढे ओल्या केसांनी कोणी उभं राहायचं नाही, ती रुसते, असा त्यांचा नियम होता. या नियमाला काहीही आधार नाही हे मी त्यांना दोनदा पटवून दिलं आणि तिसऱ्या दिवसापासून केस वाळवून कामावर जाऊ लागले.

भट्टीचा दुसरा मालक म्हणजे गुरुवार. आमच्या या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, कारण दुरुस्तीसाठी वीज त्या दिवशी जाते. भाजणं सुरू असताना वीज गेली की आतला सगळा माल तडकतो. त्यामुळे दोन गुरुवारांच्या मध्ये भट्टी चढवायची आणि पुढचा गुरुवार उजाडण्याआधी ती थंड करून उतरवायची, हे आमचं पंचांग. लोकांचा आठवडा सोमवारी सुरू होई, आमचा शुक्रवारी.

आणि वर्षातला एक दिवस खंडे नवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिंपरी ते चाकण एकही यंत्र बिनहाराचं राहत नाही. मी दापोडीची, आमचं घर बौद्ध. माझे वडील एका कंपनीत फिटर होते. नवमीच्या दिवशी ते आपलं लेथ स्वतः पुसत, तेल घालत, चकचकीत करून ठेवत आणि पूजा सुरू झाली की चहाला बाहेर पडत. कोणाशी वाद नाही, कोणावर राग नाही. मीही तेच उचललं. शेडमधली सगळी उपकरणं मी आदल्या दिवशी पुसून ठेवायची आणि आरतीच्या वेळी कोपऱ्यावरच्या टपरीवर जायची. परत आले की तात्या माझ्या टेबलावर पेढा ठेवून म्हणायचे, "ह्यो परसाद न्हाई बरं का मॅडम, नुसता पेढा हाय. खावा." मी खायची. आमच्यातला हा करार कुठेही न लिहिता वर्षानुवर्षं चालला.

तो करार ज्या वर्षी मोडता मोडता राहिला, त्याची ही गोष्ट आहे.

चिंचवडच्या एका रुग्णालयातले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. मराठे यांनी सरांना आणि मला बोलावून घेतलं. तोवर आमचे ठोकळे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासून झाले होते; माणसांवर वापरण्याची रीतसर परवानगी नुकतीच आली होती. डॉक्टरांपुढे देहूरोडची एक शाळकरी मुलगी बसली होती. तिचं नाव इथे वैष्णवी ठेवते. तिच्या नडगीच्या हाडात, गुडघ्याखाली, एक निरुपद्रवी गाठ वाढून पोकळी झाली होती आणि ते हाड त्याच जागी पुन्हा पुन्हा मोडत होतं. गाठ खरवडून काढायची आणि पोकळी भरायची, असा बेत होता. भरायला काय, हा प्रश्न होता. नेहमीचा मार्ग म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून इथे बसवणं. त्यात एका जखमेच्या दोन जखमा होतात आणि कमरेची जखम बरेचदा पायापेक्षा जास्त दुखते.

"ताई, तुम्हीच का त्या दगडवाल्या?" वैष्णवीने मला विचारलं.

"दगड नाही. हाडासारखंच असतं, जाळीचं."

"असू दे काहीपण. माझ्या कमरेला हात लावू देऊ नका, एवढंच बघा. मी कबड्डी खेळते. चढाई करताना सगळा जोर कमरेत लागतो."

"यांनी वेळेत ठोकळा दिला तर नाही लावणार," डॉक्टर म्हणाले. "शस्त्रक्रिया दिवाळीनंतर पंधरा दिवसांच्या आत. त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही. हाड पुन्हा मोडलं तर सगळंच अवघड होईल."

शेडवर येऊन मी हे सांगितलं, तेव्हा तात्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "कबड्डीवाली हाय व्हय? मंग ठोकळा असा पायजे, की पोरगी मैदानात उतरली तर समोरची टीम घाबरंल."

नवमी आली. मी उपकरणं पुसली, चहाला गेले, परत येऊन पेढा खाल्ला. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी वैष्णवीच्या मापाचा लॉट भट्टीत गेला आणि बुधवारी बाहेर आला. इतका देखणा माल मी तोवर पाहिला नव्हता. पांढरा शुभ्र, प्रत्येक छिद्र उघडं, बोटाने टिचकी मारली तर चिनी कपासारखा आवाज. मंदाताईंनी तो हातमोजे घालून बाळासारखा उचलला. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले आणि दिवाळी तोंडावर आली असताना अहवाल आला.

मालात शिसं होतं. मर्यादेच्या किंचित वर नव्हे. वादाला जागाच उरणार नाही इतकं.

"आपल्याकडे शिसं आलं कुठून?" सर पुन्हा पुन्हा विचारत होते. तपासणीत चूक झाली असेल म्हणून आम्ही दुसरीकडे नमुने पाठवले. उत्तर तेच आलं. सरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "सुजाता, मी डॉक्टरांना फोन करतो. कमरेचं हाड घ्या म्हणून सांगतो. कारण शोधायला महिना लागेल, आणि आपल्याकडे महिना नाही."

"मला पुढच्या गुरुवारपर्यंत द्या," मी म्हणाले. "तोवर सापडलं नाही तर तुम्ही फोन करा."

अशा वेळी हुशारी फारशी उपयोगी पडत नाही. क्रम उपयोगी पडतो. मी भुकटी तपासायला पाठवली: निर्दोष. पाणी, स्पंज, भुकटी दळायच्या फिरत्या पिंपातले गोळे: निर्दोष. मग त्याच लॉटचा वाळलेला पण न भाजलेला एक तुकडा पाठवला. तोही निर्दोष निघाला, तेव्हा प्रश्न एकदम लहान झाला. जे काही घडलं होतं ते भट्टीत घडलं होतं. मी स्वच्छ भुकटीच्या पांढऱ्या चकत्या दाबून घेतल्या, त्या भट्टीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवून तापवल्या आणि प्रत्येक वेगळी तपासून घेतली. शिसं सगळ्यांत सापडलं, पण दाराजवळच्या, कमानीखालच्या चकत्यांत सर्वांत जास्त.

इथे मला एक कटू विनोद दिसला, तोही सांगते. शरीरात शिसं गेलं तर ते हाडातच जाऊन बसतं, कारण हाड त्याला कॅल्शियमच्या जागी बसवून घेतं. आमच्या ठोकळ्यांनीही भट्टीतल्या हवेतलं शिसं तसंच ओढून घेतलं होतं. आम्ही हाडाची नक्कल किती हुबेहूब केली आहे, याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता.

भट्टी थंड झाल्यावर मी टॉर्च घेऊन आत वाकले आणि वर पाहिलं. कमानीच्या मधल्या विटेच्या आतल्या बाजूला एक ओघळ होता. पिवळसर, काचेसारखा, गोठलेल्या मधाच्या थेंबासारखा चमकणारा.

"तात्या, हे काय आहे?"

तात्या माझ्याशेजारी वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याचा भाव नव्हता. उलट कोणीतरी विचारलं याचं समाधान होतं.

"त्ये व्हय? शेंदूर हाय. दर साली दाराला भाईरून लावतो. औंदा त्या पोरीच्या पायाचं काम. म्हनलं, देवाची नजर आतपातूर पायजे. म्हून आत लावला, चांगला तेलात कालवून."

बाजारात शेंदूर अनेक तऱ्हेचा मिळतो. त्यातला काही शिशापासून केलेला असतो. तो म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइडच. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. बाकीचं त्या ओघळाने सांगितलं.

"तात्या, शिसं यातूनच आलंय," मी म्हणाले.

"शेंदरातनं? अवो, जळून गेला की तो कवाच."

"तो जळत नाही. थोडा विटेत मुरतो आणि बाकीचा वाफ होऊन मालावर बसतो."

तात्या ताठ झाले. "म्हंजी देवाच्या नावानं लावलं त्येच इख झालं म्हनायचं?" आणि मग, आवाज न चढवता, जे त्यांनी कधीही म्हटलं नव्हतं ते म्हणाले. "मॅडम, आमची पूजा तुमाला चालत न्हाई, ह्ये काय आमाला ठावं न्हाई व्हय? कवा बोललो न्हाई. पन म्हून पोरीचं खापर तुमी पूजंवर फोडताय."

मंदाताई हातमोज्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. मला त्या क्षणी स्वच्छ कळलं की यापुढे मी रसायनशास्त्रातलं कोणतंही वाक्य उच्चारलं, तरी ते दापोडीच्या मुलीचं वाक्य म्हणून ऐकलं जाईल. अहवाल पुढे केला, तर कागद माझ्या बाजूचा ठरेल. सरांनी हुकूम दिला, तर तात्या कमान तोडतील, पण त्यानंतर माझ्या टेबलावर पेढा येणार नाही. आणि मला त्या पेढ्याची किंमत होती.

मी म्हणाले, "तात्या, मला ठाऊक नाही असं समजा. आपण दोघं मिळून बघू. वीट तुमची, डबी तुमची, बोटही तुमचं."

कमानीला वापरलेल्या विटांपैकी एक शिल्लक होती. तिचे दोन तुकडे केले. तात्यांनी घरून शेंदराची डबी मागवली आणि एका तुकड्याला स्वतःच्या बोटाने टिळा लावला. दुसरा तुकडा कोरा ठेवला. माझ्या टेबलाशेजारची प्रयोगाची छोटी भट्टी आधी कोरी तापवून घेतली. मग तिच्यात दोन्ही तुकडे ठेवले, दार त्यांनीच लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. दुपारभर ते तिथून उठले नाहीत. मंदाताईंनी चहा दिला तर म्हणाले, "ठिवा तितं. मी हाललो की मॅडम म्हनत्याल तात्यानं काय तरी केलं."

"मी असं कधी म्हटलंय?"

"म्हनला न्हाई. पन तुमचा भरवसा न्हाई, तुमी शिकलेल्या."

संध्याकाळी चिमट्याने तुकडे बाहेर काढले. कोरा तुकडा कोराच होता. दुसऱ्यावर लाल रंगाचा मागमूस नव्हता. त्या जागी पिवळसर, काचेसारखा एक थेंब चमकत होता. तात्यांनी तो गार होऊ दिला, मग उचलला, मोठ्या भट्टीपाशी गेले आणि टॉर्च लावून कमानीखाली धरला. एकदा वर, एकदा हातात, पुन्हा वर.

"शेम टु शेम," ते म्हणाले.

मग त्यांनी टॉर्च विझवली.

"मंग मॅडम, ह्यो मारुतीला कसा काय चालतो?"

"मारुतीला अकराशे अंशांवर कोणी भाजत नाही, तात्या."

ते हसले. मनात नसताना हसू फुटावं तसे, मान खाली घालून. मग त्यांनी भट्टीच्या दारावर हात ठेवला. "इट बदलून भागंल का?"

"नाही. वाफ सगळीकडे मुरली आहे. आतलं सगळं अस्तर काढावं लागेल. कमानीसकट."

"समदं?"

"सगळं."

ते कमानीकडे बघत राहिले. मी भावनांचं मोजमाप करत नाही, पण त्या कमानीत त्यांच्या आयुष्यातली किती वर्षं होती हे मला दिसत होतं. त्यांनी वळून फक्त एकच विचारलं.

"पोरीची कंबर वाचंल का पर?"

"दिवाळीत तुम्ही विटा लावल्यात तर वाचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातोडा घेऊन आले. सरांनी मजूर बोलावले होते. तात्यांनी त्यांना दाराशीच थांबवलं. "लेक माझी हाय. म्याच हात लावनार." पहिला घाव कमानीच्या मधल्या विटेवर घातला. चुन्याशिवाय रचलेली ती कमान एकदम कोसळली नाही. एकेक वीट सुटत खाली आली, जणू रचतानाचा क्रम उलटा चालवावा तशी.

त्या दिवाळीत आम्ही घरी नव्हतो असं म्हणायला हरकत नाही. तात्या विटा घासत, मी त्यांच्या प्रत्येक खोक्यातली एक वीट तपासायला पाठवत असे. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. दिवाळीत निम्मा पट्टा बंद असतो, त्यामुळे वीज एरवी कधी नसते इतकी स्थिर होती. आणि तात्या पुरते बदलले होते. त्यांना आता सगळीकडे भेसळ दिसू लागली. अंगठी घालून कोणी आत यायचं नाही. घरून आलेला फराळ फाटकाबाहेरच खायचा. मी चकलीचा तुकडा हातात घेऊन आत पाऊल टाकलं तर ओरडले, "मॅडम! त्यात मीठ हाय, त्याल हाय, तीळ हायती! भाईर!" मंदाताईंच्या टिकलीकडेही ते संशयाने बघत. "अवो तात्या, ही चिकटायची हाय, दुकानातली," त्या वैतागून म्हणाल्या. "चिकटती म्हंजी कशानं चिकटती? त्ये आदी सांगा," तात्या म्हणाले.

नवी भट्टी कोरी तापवली, तीत चकत्या ठेवल्या, त्या तपासल्या. शिसं नव्हतं. शस्त्रक्रियेआधी आता फक्त दोन गुरुवारांमधला एक अवकाश उरला होता, एकच भाजणं. शुक्रवारी माल चढवला. बुधवारी तात्यांनी दार उघडलं आणि स्वतः आत न बघता बाजूला झाले. "तुमी बघा आदी."

मी बघितलं. एक ठोकळा कोपऱ्यात तडकला होता. बाकीचे उभे होते.

अहवाल निर्दोष आला, माल निर्जंतुक होऊन रुग्णालयात पोचला आणि ठरल्या दिवशी वैष्णवीची शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी डॉक्टरांचा सरांना निरोप आला. त्यात ठोकळ्याचं कौतुक वगैरे काही नव्हतं. एवढंच होतं: कमरेला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा नवमी आली. उपकरणं पुसून झाली होती. तात्यांनी भट्टीसमोर, दारापासून बरंच लांब, पाट मांडला होता आणि त्यावर हातोडा, चिमटा, टॉर्च मांडून ठेवली होती. शेजारी परडीत नुसती झेंडूची फुलं. हळद नाही, कुंकू नाही. शेंदूर तर नाहीच. मी नेहमीप्रमाणे ओढणी सावरून चहाला निघणार, तेवढ्यात सर एक मोठं पाकीट घेऊन आले. डॉक्टरांनी वैष्णवीच्या पायाची नवी एक्स-रे फिल्म पाठवली होती.

मी ती दारातल्या उजेडापुढे धरली. तात्या जवळ आले, चष्मा वर-खाली केला.

"ह्यात आपला ठोकळा कुठंय?"

मी बोटाने जागा दाखवली. "इथे होता. आता शोधावा लागतो. ही पुसट कड दिसते ना, तेवढाच उरलाय. बाकी सगळं तिचं हाड आहे."

"म्हंजी मुरला."

"मुरला."

"आनि पोरगी?"

"पळायला लागली आहे. मैदानात उतरायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. ती त्यांच्याशी रोज भांडते."

तात्या फिल्मकडे बघत राहिले. ज्या ठोकळ्यासाठी त्यांनी आपली कमान स्वतःच्या हाताने उतरवली होती, तो आता कुठेच नव्हता, आणि ते त्यांना आवडलेलं दिसत होतं. मग ते जरा घुटमळत म्हणाले, "मॅडम, ह्यो फोटू पाटावर ठिवला तर चालंल का? हतयारांच्या संगं. फुलंच वाहनार हाय, दुसरं काय न्हाई. आनि फुलं... तुमी बघून दिली तर बरं."

मी परडी तपासली. खरं तर तपासण्यासारखं काही नव्हतं, झेंडू होते. तरी मी एकेक उलटून पाहिलं, कारण ते माझ्याकडे फार गंभीरपणे बघत होते.

"चालेल," मी म्हणाले.

पाटावर फिल्म सपाट ठेवली तर नुसतं काळं दिसत होतं. मागून उजेड असल्याशिवाय त्यातलं हाड दिसेना. मंदाताई म्हणाल्या, कोणीतरी ती दारातल्या उजेडात धरायला हवी. सगळ्यांचे हात जोडायचे होते. माझे मोकळे होते.

तेव्हा आरती होईपर्यंत मी ती फिल्म दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मग तात्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"ह्यो परसाद का नुसता पेढा?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"त्ये तुमी ठरवा," तात्या म्हणाले. "तपासनी तुमच्याकडं हाय."

मी पेढा खाल्ला. टपरीवाल्याने संध्याकाळी विचारलं, आज तुम्ही चहाला कशा आला नाहीत?